वायूनं तोललेले दीर्घिकासमूह

१. तराजू नाही, तरी वजन कसं कळतं?

खगोलशास्त्रावरचं व्याख्यान संपलं की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो. जिथे माणूस कधी पोहोचणार नाही, जिथून प्रकाश यायलाच कोट्यवधी वर्षं लागतात, त्या वस्तूचं वजन अमुक इतक्या सूर्यांएवढं आहे, हे शास्त्रज्ञ इतक्या ठामपणे कसं सांगतात? त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. त्यातलं ऐंशी टक्क्यांहून अधिक द्रव्य दिसतच नाही म्हणता, मग ते आहे हे कशावरून? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दीर्घिकासमूहांच्या बाबतीत त्यांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं: या समूहांत भरून राहिलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, अतितप्त वायूत. हा वायू क्ष-किरण सोडतो आणि ते टिपणाऱ्या अवकाश दुर्बिणींनी गेल्या पन्नास वर्षांत न दिसणाऱ्या द्रव्याचा, म्हणजे कृष्णद्रव्याचा, प्रश्न तर्काच्या पातळीवरून हिशेबाच्या पातळीवर आणला. तो हिशेब कसा मांडला जातो आणि त्यावर घेतलेल्या आक्षेपांना काय उत्तर आहे, हे या प्रकरणात पाहू.

आधी दीर्घिकासमूह म्हणजे काय, ते स्पष्ट करू. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा शेकडो, कधी हजाराहून अधिक दीर्घिका परस्परांच्या गुरुत्वाकर्षणानं एकत्र बांधल्या गेल्या की त्यांचा समूह बनतो. गुरुत्वाकर्षणानं बांधलेली याहून मोठी वस्तू विश्वात नाही. समूहांचे महासमूह असतात, उदाहरणार्थ पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या संशोधकांनी २०१७ साली जाहीर केलेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा ‘सरस्वती’ महासमूह. मात्र महासमूह समूहासारखा स्थिरस्थावर झालेला नसतो, आणि वजन करायला स्थिरस्थावर झालेली वस्तूच सोयीची.

वजनाचा पहिला प्रयत्न १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी केला. अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर कोमा हा दीर्घिकासमूह आहे. त्यातल्या दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगानं इकडेतिकडे धावताना झ्विकींना आढळल्या. दिसणाऱ्या ताऱ्यांचं एकूण गुरुत्वाकर्षण इतक्या वेगवान दीर्घिकांना धरून ठेवायला अजिबात पुरेसं नव्हतं. म्हणजे एकतर हा समूह विस्कटून जायला हवा होता, नाहीतर त्यात न दिसणारं पुष्कळ द्रव्य असायला हवं होतं. झ्विकींनी दुसरा पर्याय निवडला. त्यांचा आकडा आज मान्य नाही, कारण तेव्हा अंतरांचं मोजमापच चुकलेलं होतं. पण प्रश्न अचूक होता, आणि पुढची चार दशकं तो जवळपास तसाच पडून राहिला.

२. दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नाही

१२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या तळावरून ‘उहुरू’ हा उपग्रह सोडण्यात आला. क्ष-किरणांत आकाशाची पाहणी करण्यासाठीच बनवलेला हा पहिला उपग्रह होता. त्यामागे रिकार्डो जिआकोनी यांची दृष्टी होती आणि क्ष-किरण खगोलशास्त्राचा पाया घातल्याबद्दल त्यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळालं. उहुरूनं दाखवलं की कोमासारखे समूह क्ष-किरणांत प्रखर आहेत आणि ते किरण एखाद्या ठिपक्यातून नव्हे, तर लाखो प्रकाशवर्षं पसरलेल्या भागातून येतात.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो. हे किरण तप्त वायूचेच कशावरून? जवळपास प्रकाशाच्या वेगानं धावणारे इलेक्ट्रॉन विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींना धडकले तरीही क्ष-किरण निर्माण होतात. याचा निकाल १९७६ साली लागला. ‘एरियल-५’ या ब्रिटिश उपग्रहाला ययाती तारकासमूहातल्या पर्सियस या दीर्घिकासमूहाच्या वर्णपटात एक रेषा सापडली, आणि ती लोखंडाची होती. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. त्यातले २४ गळून पडले आणि दोनच उरले, तर तो अणू ज्या विशिष्ट ऊर्जेचे क्ष-किरण सोडतो, तेच तिथे दिसत होते. इतके इलेक्ट्रॉन सोलून काढायला कोट्यवधी अंश तापमान लागतं. सूक्ष्मलहरींना धडकणारे इलेक्ट्रॉन अशी रेषा देऊच शकत नाहीत. शिवाय लोखंड बनतं ते ताऱ्यांच्या आयुष्यात आणि त्यांच्या स्फोटांत. म्हणजे ताऱ्यांनी घडवलेलं द्रव्य दीर्घिकांबाहेर पडून या वायूत मिसळलं आणि तिथेच अडकून राहिलं, हेही त्या एका रेषेनं सांगितलं.

हा वायू किती विरळ असावा? बहुतेक भागात एका घनमीटरमध्ये हजाराच्या आसपास कण. आपण श्वास घेतो त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये रेणूंची संख्या २५ वर २४ शून्यं इतकी असते. तरीही समूहाचा विस्तार इतका अफाट आहे की सगळा वायू एकत्र केला तर तो सर्व दीर्घिकांतल्या ताऱ्यांच्या पाच-सहा पट भरतो. दीर्घिकासमूहाचं जे चित्र आपण दृश्य प्रकाशात पाहतो, त्यात त्याच्या साध्या, म्हणजे अणूंच्या बनलेल्या, द्रव्याचा मोठा हिस्सा उमटतच नाही. आणि हा वायू अजून थंड का झाला नाही, तर विरळपणामुळे कणांच्या टकरी क्वचित होतात. समूहाचा गाभा सोडला तर वायू निवायला विश्वाच्या वयाहून अधिक काळ लागेल.

३. पृथ्वीवरून का नाही?

क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, मग हवेतून का जात नाहीत, अशी शंका येते. रुग्णालयातले क्ष-किरण समूहांकडून येणाऱ्या किरणांहून बरेच जास्त ऊर्जेचे असतात, आणि वातावरणही वाटतं तितकं पातळ नाही. आपल्या डोक्यावरच्या दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो हवा असते, म्हणजे दहा मीटर खोल पाण्याएवढी. तिच्यातून हे किरण खाली उतरू शकत नाहीत. म्हणून दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते.

तिथेही नेहमीचा आरसा कामाचा नाही. क्ष-किरण आरशावर सरळ आदळले तर शोषले जातात. ते परावर्तित करायचे तर पृष्ठभागाला घासून जातील इतके तिरपे, अंशभराच्या कोनात, पडू द्यावे लागतात. त्यामुळे या दुर्बिणींचे आरसे थाळीसारखे नसून दोन्ही तोंडं उघडी असलेल्या नळकांड्यांसारखे असतात आणि जास्त किरण गोळा व्हावेत म्हणून एकात एक बसवलेले असतात. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव दिलेल्या, जुलै १९९९ मध्ये सोडलेल्या ‘चंद्रा’ दुर्बिणीत अशा आरशांच्या चार जोड्या आहेत आणि त्यांच्यावर इरिडियमचा मुलामा आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गेलेल्या युरोपच्या ‘एक्सएमएम-न्यूटन’च्या तीन दुर्बिणींत प्रत्येकी ५८ आरसे आहेत. चंद्राची नजर बारीक, न्यूटनची झोळी मोठी. भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरची, याच तत्त्वावर चालणारी सौम्य क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली आणि २०१५ साली अवकाशात गेली.

या दुर्बिणींचे शोधक प्रत्येक प्रकाशकण वेगळा नोंदवतात: तो कुठून आला, केव्हा आला आणि त्याची ऊर्जा किती होती. पुढचा सगळा हिशेब या तीन रकान्यांवर उभा आहे.

४. वायूवरून वजन

स्वयंपाकघरातला कुकर डोळ्यांसमोर आणा. आत वाफ कोंडते, तिचा दाब शिट्टीला वर ढकलतो आणि शिट्टीचं वजन तिला खाली दाबून धरतं. समजा, शिट्टी झाकलेली आहे, ती पाहता येत नाही की उचलताही येत नाही. पण वाफ १२० अंशांना शिट्टी उचलते एवढं कळलं आणि खालच्या भोकाचा आकार ठाऊक असला, तर वाफेचा दाब काढता येतो आणि त्यावरून शिट्टीचं वजनही. ज्या शक्तीला तोलून धरलं जातं ती मोजली की तोलून धरणारं वजन आपोआप मोजलं जातं.

समूहातही हेच घडतं, फरक इतकाच की तिथे झाकण नाही. तप्त वायू बाहेर पसरू पाहतो आणि समूहातल्या सर्व द्रव्याचं मिळून गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढतं. क्ष-किरणांच्या प्रकाशकणांच्या ऊर्जेवरून वायूचं तापमान कळतं. त्यांच्या संख्येवरून, म्हणजे तेजस्वितेवरून, वायूची घनता कळते. घनता आणि तापमान मिळून दाब ठरतो. केंद्रापासून बाहेर जाताना दाब कसा उतरत जातो हे समजलं की प्रत्येक अंतराच्या आत एकूण किती द्रव्य असायला हवं ते निघतं. ते द्रव्य चमकतं की नाही, हा प्रश्न या हिशेबात येतच नाही.

एक उदाहरण करून पाहू. मोठ्या समूहातला वायू दहा कोटी अंशांवर असतो. या तापमानाला हायड्रोजनच्या अणुकेंद्राचा, म्हणजे प्रोटॉनचा, सरासरी वेग सेकंदाला सुमारे १६०० किलोमीटर भरतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे प्रोटॉनच्या सुमारे १८८ पट. आता केंद्रापासून ३३ लाख प्रकाशवर्षं इतका भाग घ्या. हे अंतर कापायला प्रकाशाला ३३ लाख वर्षं लागतात, तर प्रोटॉनला त्याच्या १८८ पट, म्हणजे साधारण ६२ कोटी वर्षं. कुणी धरून ठेवलं नसतं तर वायू एवढ्या काळात पांगायला लागला असता. पण अनेक समूहांचं वय काही शे कोटी वर्षांचं आहे आणि वायू जागच्या जागी आहे. त्याला धरायला किती द्रव्य लागेल, हे न्यूटनच्या नियमानं काढलं तर उत्तर येतं सुमारे सात कोटी गुणिले एक कोटी सूर्यांइतकं. या सातातला वायूचा वाटा जेमतेम एक आणि सगळ्या ताऱ्यांचा मिळून त्याच्याही पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा.

झ्विकींना न दिसलेलं द्रव्य म्हणजे हाच वायू असेल, ही आशा साहजिक होती आणि ती अंशतः खरी ठरली. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या कितीतरी पट साधं द्रव्य क्ष-किरणांनी शोधून दिलं. पण ज्या मोजमापानं वायू सापडला, त्याच मोजमापानं तो पुरेसा नाही हेही दाखवलं. एकाच निरीक्षणातून जमा आणि तूट दोन्ही समोर यावीत, हे मला या सगळ्या शास्त्राचं सर्वांत मोठं बळ वाटतं.

५. वायू खरंच शांत आहे का?

या पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप तिच्या गृहीतकावर आहे. गुरुत्वाकर्षण आणि उष्णतेचा दाब यांचा तोल साधला आहे, असं आपण धरून चाललो. पण वायू ढवळला जात असेल, त्यात वादळी प्रवाह असतील, तर त्या हालचालींचाही दाब असतो आणि तो तापमानातून दिसत नाही. मग काढलेलं वजन चुकीचं ठरेल. केवळ तर्कानं याला उत्तर देता येत नाही. वायूचा वेग प्रत्यक्ष मोजावाच लागतो.

वेग मोजायचा तो त्याच लोखंडाच्या रेषेवरून. वायूचा काही भाग आपल्याकडे आणि काही दूर धावत असेल तर रेषा पसरट होते. मात्र हा पसरटपणा इतका सूक्ष्म असतो की नेहमीच्या शोधकांना तो दिसत नाही. जपानच्या ‘हितोमी’ उपग्रहावर त्यासाठी वेगळं उपकरण होतं. त्याचा शोधक निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या ०.०५ अंशावर ठेवलेला होता. क्ष-किरणांचा एकेक प्रकाशकण त्यावर पडला की तो किंचित तापायचा आणि ती वाढ मोजून त्या कणाची ऊर्जा काढली जायची. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोडलेला हा उपग्रह पुढच्याच महिन्यात दिशानियंत्रणातल्या बिघाडामुळे गरगर फिरून तुटला. ही हानी मोठी होती. पण तुटण्यापूर्वी त्यानं पर्सियस समूहाकडे पाहून घेतलं होतं. गाभ्यातल्या वायूच्या खळबळीचा वेग निघाला सेकंदाला १६४ किलोमीटर, आणि त्या खळबळीचा दाब उष्णतेच्या दाबाच्या फक्त चार टक्के. पर्सियसच्या केंद्रात प्रचंड कृष्णविवर आहे आणि ते भोवतालच्या वायूत मोठमोठे फुगे उठवतं. अशा जागी खळबळ जास्त असेल असं अनेकांना वाटत होतं, तरी वायू इतका शांत निघाला.

हितोमीची जागा २०२३ च्या सप्टेंबरात सोडलेल्या ‘क्रिझम’नं घेतली आहे. नरतुरंग तारकासमूहातल्या सेंटॉरस या दीर्घिकासमूहाच्या गाभ्यात सगळा वायू सेकंदाला १३० ते ३१० किलोमीटर वेगानं हिंदकळताना त्यानं टिपला. त्यामुळे आक्षेप पूर्ण निराधार आहे असं म्हणणं बरोबर होणार नाही. समूहांच्या कडेला, जिथे नवा वायू येऊन मिसळत असतो, तिथे या पद्धतीनं वजन दहा-वीस टक्क्यांनी कमी भरू शकतं. पण तूट दहा-वीस टक्क्यांची नाही, सहा-सात पटींची आहे. एवढं अंतर खळबळीनं भरून निघत नाही.

६. नियमच चुकला असेल तर?

मग दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त मुळाशी जातो. न दिसणारं द्रव्य मानण्याऐवजी गुरुत्वाकर्षणाचा नियमच मोठ्या अंतरावर वेगळा आहे असं का मानू नये? मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये असा पर्याय मांडला आणि एकेकट्या दीर्घिकांच्या फिरण्याचं स्पष्टीकरण तो चांगलं देतो. त्याला उत्तर द्यायचं तर अशी जागा हवी, जिथे साधं द्रव्य आणि गुरुत्वाकर्षण यांची ठिकाणं वेगवेगळी झाली आहेत.

नौतल तारकासमूहाच्या दिशेला अशी जागा आहे. तिला ‘बुलेट’ समूह म्हणतात. खरं तर ते दोन समूह आहेत, एकमेकांतून नुकतेच आरपार गेलेले. त्यांच्याकडून आपल्याला मिळणारा प्रकाश सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी निघाला. ‘चंद्रा’ दुर्बिणीनं या जोडीकडे एकूण पाच लाख सेकंदांहून अधिक काळ, म्हणजे जवळपास सहा दिवस, पाहिलं. त्या प्रतिमेत उजवीकडे लहान समूहाचा वायू टोकदार शंकूसारखा दिसतो आणि त्याच्या पुढे आघात-लहरीची कमान आहे. डावीकडे मोठ्या समूहाचा वायू विस्कटून पसरला आहे. दोन्ही वायू एकमेकांवर आदळून मागे रेंगाळले. दीर्घिका मात्र एकमेकींपासून इतक्या दूर असतात की त्या न आदळता पुढे निघून गेल्या. आता साध्या द्रव्याचा मोठा भाग मध्ये, वायूत आहे. सगळं द्रव्य साधंच असेल, तर गुरुत्वाकर्षणाचा जोरही मध्येच सापडायला हवा.

तो जोर वेगळ्या मार्गानं मोजता येतो. वस्तुमानाजवळून जाणारा प्रकाश वाकतो. त्यामुळे समूहाच्या मागच्या दूरवरच्या दीर्घिकांच्या प्रतिमा किंचित ताणल्या जातात आणि त्या ताणावरून वस्तुमान कुठे आहे त्याचा नकाशा काढता येतो. यालाच गुरुत्वीय भिंग म्हणतात. २००६ साली डग्लस क्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा नकाशा क्ष-किरणांच्या प्रतिमेवर ठेवला. वस्तुमानाचे दोन ढीग निघाले ते वायूवर नव्हे, तर पुढे गेलेल्या दीर्घिकांभोवती. दीर्घिकांतले तारे वायूच्या तुलनेत थोडे, म्हणजे त्या ढिगांत दुसरं काहीतरी आहे आणि ते न आदळता पुढे गेलं आहे. २००८ मध्ये आणखी एका धडकलेल्या समूहजोडीत हाच प्रकार दिसला.

नियम बदलू पाहणाऱ्यांनी यावरही उत्तरं दिली आहेत आणि ती वाचण्याजोगी आहेत. पण समूहांच्या बाबतीत त्यांनाही थोडंफार न दिसणारं द्रव्य मान्य करावं लागतं. एकदा ते मानलंच, तर नियम बदलण्याची निकड बरीच कमी होते. बुलेटनं काय सिद्ध केलं नाही, हेही सांगायला हवं. कृष्णद्रव्य कोणत्या कणांचं आहे, याबद्दल तो समूह जवळजवळ काहीच सांगत नाही. ते परस्परांवर फारसं आदळत नाही, एवढंच त्यावरून कळतं.

७. समूहावरून विश्व

समूहाचं गुरुत्वाकर्षण इतकं खोल असतं की त्यातून काही बाहेर पडत नाही. ताऱ्यांनी फेकलेलं लोखंडसुद्धा आतच राहिलं, हे आपण पाहिलं. म्हणून साधं द्रव्य आणि कृष्णद्रव्य यांचं समूहातलं प्रमाण संपूर्ण विश्वातल्या प्रमाणाच्या अगदी जवळ असायला हवं. १९९३ साली सायमन व्हाइट आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी कोमाबाबत हाच विचार केला. समूहात साधं द्रव्य एकूण द्रव्याच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढं असतं. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत हलकी मूलद्रव्यं किती बनली, यावरून विश्वातलं साधं द्रव्य ‘संपूर्ण भरलेल्या’ विश्वाच्या सुमारे पाच टक्के निघतं. पाचाला सहानं गुणलं की तीस. म्हणजे सगळं द्रव्य मिळूनही विश्व तीस टक्केच भरतं. तेव्हा बहुतेक सिद्धान्तवाद्यांना शंभर टक्के हवे होते. विश्वाचा विस्तार वाढत्या वेगानं होतो आहे, हे १९९८ साली कळलं आणि उरलेल्या सत्तर टक्क्यांची जागा हा वेग वाढवणाऱ्या कृष्ण ऊर्जेनं घेतली. क्ष-किरणांच्या हिशेबानं ती रिकामी जागा पाच वर्षं आधीच दाखवली होती.

दूरचे समूह पाहायचे म्हणजे विश्वाच्या तरुणपणात डोकवायचं, आणि तिथे अडचण वाढते. प्रकाशाची तरंगलांबी विस्तारामुळे जितक्या पटींनी ताणली जाते, ती संख्या चार वेळा स्वतःशी गुणली की पृष्ठभागाची चमक तितक्या पटींनी मंदावते. ‘चंद्रा’नं क्ष-किरणांत टिपलेला आणि २०१६ साली जाहीर झालेला ‘सीएल जे१००१’ हा समूह ११०० कोटी प्रकाशवर्षांहून दूर आहे. त्याचा प्रकाश साडेतीन पट ताणलेला, म्हणजे चमक सुमारे दीडशे पट मंद. इतक्या दुरून येणाऱ्या मोजक्या प्रकाशकणांवरून दाबाचा उतार काढता येत नाही. म्हणून वाट बदलावी लागते. जवळच्या समूहांत तेजस्विता आणि वजन यांचं नातं ठरवायचं, गुरुत्वीय भिंगानं ते तपासायचं आणि मग दूरच्या समूहांना लावायचं. हे नातं काळानुसार बदलत असेल ही शंका खरी आहे, म्हणूनच भिंगाची तपासणी दूरच्या समूहांपर्यंत नेली जाते.

२०१९ च्या जुलैत सोडलेल्या ‘ई-रोझिटा’ दुर्बिणीनं हेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. तिच्या पहिल्या सहा महिन्यांच्या पाहणीतून, तेही अर्ध्याच आकाशातून, १२,२४७ दीर्घिकासमूहांची यादी निघाली. त्यांतले निवडक ५,२५९ समूह वजनानुसार आणि काळानुसार मोजून २०२४ साली विश्वातल्या द्रव्याचा वाटा काढण्यात आला. तो आला २९ टक्के. दुर्बिणीचं काम फेब्रुवारी २०२२ पासून थांबलेलं आहे. पण तोवर तिनं संपूर्ण आकाशाच्या चार फेऱ्या पूर्ण केल्या होत्या आणि हा आकडा त्यातल्या फक्त पहिल्या फेरीचा आहे.